पानांसाठी ब्रोमेलियाड घेताय? आधी रंग कुठून आला ते बघा

आमच्या पायरीच्या डाव्या हाताला ठेवलेलं लालबुंद झाड आणि मागे विहिरीच्या कठड्याजवळचं साधं हिरवं झाड, ही दोन्ही एकाच आईझाडाला फुटलेली पिल्लं आहेत. घरी आलेल्यांना हे सांगितलं की ते पुन्हा मागच्या दारी जाऊन बघून येतात. जात एक, कुंडी एक, कुंडीतलं मिश्रणही एकच. फरक इतकाच की पायरीवर सकाळी साडेदहापर्यंत ऊन असतं आणि विहिरीवर फणसाची सावली. 'फायरबॉल' नावाची ही निओरेगेलिया (ब्रोमेलियाडचा एक प्रकार) मी मुद्दाम दोन ठिकाणी ठेवली आहे. ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली शोभेची झाडं, घ्यायला निघालेल्या माणसाची पहिली चूक इथेच होते. नर्सरीत दिसला तो रंग झाडाचा कायमचा, असं धरून तो पैसे मोजतो आणि चार महिन्यांनी "तुमच्याकडे कसं लाल राहतं हो?" म्हणून मला फोन करतो.

मी श्रीवर्धनला राहते. घरामागे पोफळीची वाडी, पुढे अंगण, आणि अंगणापासून विहिरीपर्यंत आता दीडशेच्या वर ब्रोमेलियाड आहेत. सुरुवात २०११ च्या मे महिन्यात झाली. ठाण्याच्या वन्सं आल्या त्या कापडी पिशवीत तीन पिल्लं घेऊन. "वहिनी, हे माझ्या गॅलरीपेक्षा तुमच्या हवेत बरं वाढेल," एवढंच म्हणाल्या. नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. पानं अननसासारखी दिसली म्हणून मी ती कुंपणाच्या अननसाच्या ओळीत, चांगल्या शेणखताच्या खड्ड्यात लावली. ओळख बरोबर ठरली, जागा मात्र चुकली. पावसाळा संपेपर्यंत दोन कुजली. तिसरं मी उपटून नारळाच्या सोडणात बसवलं, तेव्हा ते तगलं.

अननस खरोखरच याच कुळातला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि नावही घेऊन आला. ते नाव पोर्तुगिजांनी ब्राझीलच्या तुपी लोकांकडून उचललं होतं. या कुळात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि आफ्रिकेतल्या गिनी देशातली एक जात सोडली तर सगळ्या अमेरिका खंडांतल्या. पानांच्या रंगासाठी आपण ज्या पाळतो त्यांतल्या पुष्कळशा ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जंगलातून आल्या. तिथेही समुद्र आणि डोंगर जवळजवळ आणि हवा दमट, म्हणून कोकण त्यांना परकं वाटत नाही. पण त्यांतली बरीचशी तिथे झाडाच्या फांदीवर बसलेली असतात. मुळं मुख्यतः धरून ठेवण्यापुरती. पाणी आणि अन्न पानांच्या मधल्या द्रोणात साठतं आणि पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांतून आत जातं. अननस मातीतला आहे, बाकीची बरीचशी भावंडं फांदीवरची. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्ध्या चुका टळतात.

आता रंगाकडे. पानांचा रंग वेगवेगळ्या वाटांनी येतो. काही झाडांवर तो उन्हाने चढतो. काहींवर फुलायच्या वेळी चढतो आणि त्या एका झाडाबरोबर संपतो. काहींच्या पानांवर नक्षी उपजतच असते, ती सावलीतही राहते. पांढऱ्या-पिवळ्या रेघांच्या पट्टेदार पानांची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगते. झाड हातात घेतलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: या रंगाची वाट कोणती?

उन्हाने चढणारा रंग

हे मला वादळाने शिकवलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या झाल्या. तो पावसाळा पडलेली झाडं तोडण्यात आणि घरावरची कौलं बसवण्यात गेला. कुंड्यांकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं तेव्हा वाडीत सावलीच उरली नव्हती. ज्या जागी वर्षानुवर्षं कवडसे पडत, तिथे आता दुपारभर थेट ऊन. व्ह्रिसिया या सावलीतल्या ब्रोमेलियाडांच्या पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडले आणि सात-आठ झाडं मी गमावली. पण त्याच ऑक्टोबरात, ज्यांना नऊ वर्षं मी 'साधी हिरवी' समजत होते त्या निओरेगेलिया हळूहळू तांबूस व्हायला लागल्या. डिसेंबर उजाडेपर्यंत एका रांगेवर जांभळे ठिपके उमटले होते, दुसरी गडद लाल झाली होती. तो रंग इतकी वर्षं त्यांच्यात होता, माझ्या सावलीने तो दाबून ठेवला होता. पोफळी आम्ही पुन्हा लावल्या. त्या डोक्यावर येईपर्यंत मी अंगणात पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी ताणली आहे आणि कोणती कुंडी जाळीच्या कोणत्या कडेला ठेवायची हे आता विचार करून ठरवते.

म्हणून झाड बघायला जाण्याआधी आपली जागा बघा. ऐन दुपारी तिथे जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि वर फूटभर अंतरावर हात धरा. सावली काळी आणि कडा कापल्यासारखी स्पष्ट पडली तर ऊन कडक. सावली दिसते पण कडा पुसट, तर तो निओरेगेलियाला हवा तसा उजेड. सावली जेमतेम कळते, तर उन्हाने रंगणारी झाडं तिथे हिरवीच राहणार. मग ती घेऊच नका, त्या जागेसाठी नक्षीची झाडं आहेत.

या गटात नवख्याने 'फायरबॉल'पासून सुरुवात करावी. वीतभर पसाऱ्याचं झाड, लांब देठावर पिल्लं सोडतं, टांगत्या टोपलीत दोन वर्षांत झुंबर होतं. निओरेगेलिया स्पेक्टाबिलिसचं पान हिरवं आणि टोक लाल, नखाला रंग लावावा तसं. ते टोक बरीच सावली सोसतं, म्हणून ज्यांचा उजेड मध्यम आहे त्यांना मी हीच देते. ठिपक्यांच्या निओरेगेलिया मात्र उजेडाच्या पक्क्या हावरट. उजेड मिळाला तर हिरव्यावर तपकिरी-लाल शिंतोडे, नाही मिळाला तर ते हिरव्यात विरून जातात.

बिलबर्गिया हा उभट, नळीसारखा प्रकार. पानं पाच-सहाच, पण 'हालेलुया' नावाचा संकर बघाल तर थांबून बघावंसं वाटतं. गडद किरमिजी पानावर मलईच्या रंगाचे ठिपके. अमेरिकेतल्या डॉन बीडल यांनी तो तयार केला. हिची फुलं आठवडाभरही टिकत नाहीत, त्यामुळे ती पानांसाठीच घ्यायची. तिला उपाशी ठेवावं लागतं. मोठी कुंडी आणि खत दिलंत की तीच पानं लांब, लुळी आणि हिरवी होतात.

जागा मोठी आणि उघडी असेल तर एकमिया ब्लँचेटिआना. मीटरभर उंचीचं झाड, भर उन्हात केशरी-पिवळं होतं. काटे आहेत, वाटेच्या कडेला लावू नका. लहान मुलं खेळतात त्या अंगणातही नको.

सावलीतलं झाड उन्हात आणताना घाई करू नये. आधी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यायचं. पान एकदा भाजलं की तो चट्टा त्या पानाबरोबरच जातो. रंगासाठी सगळ्यात चांगले दिवस म्हणजे दिवाळी ते होळी. आषाढ-श्रावणात सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, तेव्हा माझीही झाडं हिरवटतात. त्याने घाबरून जाऊ नका, आणि रंगासाठी म्हणून झाड घ्यायचं तर पावसाळ्यात घेऊ नका. तेव्हा नर्सरीतली झाडंही फिकी पडलेली असतात, त्यामुळे खरा रंग कळत नाही.

फुलायच्या वेळी चढणारा रंग

निओरेगेलिया कॅरोलिनी हिचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. फुलायची वेळ आली की मधली पानं बुडापासून लाल होतात आणि झाडाच्या मध्यभागी कुंकवाचा करंडा उघडल्यासारखं दिसतं. फुलं द्रोणाच्या तळाशी, पाण्याच्या पातळीवर, इवलीशी जांभळट. रंगाचं काम पानांनी घेतलेलं असतं.

हा रंग कित्येक महिने टिकतो. पण ब्रोमेलियाडचं झाड एकदाच फुलतं. फुललं की त्याची वाढ थांबते, बुडाशी पिल्लं येतात आणि आई सावकाश वाळत जाते. म्हणजे दुकानात सगळ्यात सुंदर दिसणारं झाड हे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावरचं झाड असतं. ते घेऊ नये असं मी म्हणणार नाही. पण घेण्यापूर्वी द्रोणात डोकावून बघा. आत ताज्या कळ्या असतील तर रंगाचे बरेच दिवस शिल्लक आहेत. तपकिरी, वाळलेला गठ्ठा असेल तर बुडाशी पिल्लं आहेत का ते बोटांनी चाचपा. पिल्लं असतील तर घ्या, नसतील तर ठेवून द्या. पिल्लू आईच्या एक तृतीयांश ते निम्म्याएवढं झालं की धारदार सुरीने बुडाशी कापून वेगळं करायचं. ते आईएवढं होऊन रंगायला आमच्याकडे दीड-दोन वर्षं लागतात.

इथे आंब्याचा एक अनुभव सांगते. एका मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि वारा सुरू झाला म्हणून दहा-बारा कुंड्या उचलून मी माजघरालगतच्या खोलीत ठेवल्या. त्याच खोलीत हापूसची आढी घातलेली होती, दारं-खिडक्या बंद. आठवड्याने कुंड्या बाहेर काढल्या, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांतल्या निओरेगेलिया एकदम फुलायला बसल्या, काही तर पुरत्या वाढल्याही नव्हत्या. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो ब्रोमेलियाडला फुलवतो. व्यापारी नर्सऱ्याही झाडं एकाच वेळी फुलवायला हाच मार्ग वापरतात. तुमच्याकडे पूर्ण वाढलेलं झाड असेल आणि तो लाल गाभा बघायचा असेल, तर द्रोण रिकामा करून झाड पिकलेल्या केळ्यांबरोबर मोठ्या पिशवीत सावलीत आठवडाभर बांधून ठेवा. पानांच्या नक्षीसाठी ठेवलेली झाडं मात्र आढीपासून लांब ठेवा, ती फुलली की त्यांचा खेळ आटोपला.

गुझमानियाबद्दल थोडक्यात. दिवाळीच्या सुमाराला लाल-पिवळ्या तुऱ्यांची झाडं सगळीकडे विकायला येतात, ती बहुधा गुझमानिया. तुरा तीन-चार महिने छान दिसतो. पानं साधी हिरवी. पानांसाठी ब्रोमेलियाड शोधणाऱ्याने तिच्यापाशी थांबू नये. गुझमानिया म्युझाइका एवढी अपवाद, तिच्या पानांवर बारीक नागमोडी आडव्या रेघा असतात.

उपजत नक्षी

माझा जीव खरा इथे रमतो. हा रंग उन्हाने येत नाही आणि फुलाबरोबर जातही नाही. रोज सकाळी पाणी घालताना तो तसाच समोर असतो.

एकमिया फॅसिआटा सगळ्यांनी पाहिलेली असते. रुंद हिरवं पान आणि त्यावर भस्माचे आडवे पट्टे ओढावेत तशी रुपेरी नक्षी. ती रुपेरी पूड म्हणजेच मघाशी सांगितलेले खवले. ते पाणी शोषतात आणि ऊन परतवतात. बोट घासलं की ते निघतात आणि परत येत नाहीत. म्हणून हिची पानं फडक्याने पुसायची नाहीत, नारळाचं तेल लावून चमकवायची तर मुळीच नाहीत. नर्सरीत पट्टे सलग असलेलं झाड निवडा. पोतेऱ्यागत पुसट झालेलं झाड म्हणजे फार हाताळलेलं. कडेला काटे असतात. बिनकाट्याची 'प्रिमेरा' मिळाली तर गॅलरीसाठी ती घ्यावी.

एकमिया चँटिनी ही तिची अॅमेझॉन खोऱ्यातली बहीण. जवळजवळ काळपट हिरव्या पानावर ठळक चांदीचे पट्टे. कोकणात मजेत राहते. पण थंडी सोसत नाही, त्यामुळे घाटावर जिथे हिवाळ्यात पहाटे कडक गारठा पडतो तिथे तिला घरात घ्यावं लागेल.

व्ह्रिसियांची नक्षी मला अधिक आवडते, कारण ती खवल्यांची नसून पानाच्या आतलीच असते. व्ह्रिसिया हायरोग्लिफिका ही त्यांतली राणी. फिकट हिरव्या पानावर गडद हिरवी-जांभळट, तुटक, वेडीवाकडी अक्षरं, जणू कुणी मोडीत घाईने काही लिहून ठेवलंय. नावातच ती चित्रलिपी आहे. मोठी होते, वाढते फार सावकाश, आणि पिल्लं क्वचित देते, म्हणून महाग असते. माझ्याकडची सहा वर्षांची आहे आणि अजून फुललेली नाही, तेच मला हवं आहे. हिला सावली आणि ओलावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पानांची टोकं वाळतात, म्हणून तेव्हा मी तिला विहिरीजवळ हलवते. व्ह्रिसिया फेनेस्ट्रालिसचं पान जाळीदार, उजेडाकडे धरलं तर खिडकीच्या नक्षीकामासारखं. स्प्लेंडेन्स नावाची जात जास्त सहज मिळते. तिच्या पानावर तपकिरी-जांभळे आडवे पट्टे असतात आणि वर तलवारीसारखा लाल तुरा येतो. अभ्यासकांनी आता तिला लुथेरिया या वेगळ्या प्रजातीत टाकलंय, पण नर्सरीत व्ह्रिसिया म्हणूनच मागा.

या सगळ्यांची नक्षी कोवळ्या पिल्लावर पूर्ण दिसत नाही. पिल्लू विकत घेत असाल तर आईचं झाड दाखवा म्हणून आग्रह धरा.

ज्यांच्याकडे ऊनच नाही, जिन्याखालची किंवा न्हाणीघराच्या खिडकीतली जागा आहे, त्यांनी क्रिप्टॅन्थस घ्यावेत. जमिनीला चिकटून पसरलेली चांदणी, पानांच्या कडा लाटांसारख्या. द्रोण नसतो, मुळं खरोखरची कामाची, त्यामुळे यांना सोडणाऐवजी पानखत मिसळलेली भुसभुशीत माती आणि बेताचा ओलावा द्यायचा. झोनेटसवर झेब्र्यासारखे नागमोडी पट्टे, फॉस्टेरियानसवर चॉकलेटी-रुपेरी, बायव्हिटॅटसवर गुलाबी लांब रेघा. गुलाबी छटा मात्र चांगल्या उजेडातच खुलते, पट्टे सावलीतही टिकतात. पिल्लं पानांच्या बेचक्यात येतात आणि बोट लागलं तरी सुटून हातात पडतात. तशीच ओल्या मातीवर ठेवली की लागतात. वाटीएवढ्या कुंडीत ही झाडं वर्षानुवर्षं राहतात.

पांढऱ्या रेघांची झाडं

पट्टेदार पानात पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. झाडाचं पोट हिरव्या भागावर चालतं. एवढं लक्षात ठेवलं की निवड सोपी होते. पांढरा भाग जितका जास्त तितकं झाड देखणं, नाजूक आणि सावकाश वाढणारं.

कॅरोलिनीच्या 'ट्रायकलर'मध्ये पानाच्या मध्ये पांढऱ्या रेघा आणि कडा हिरव्या. 'फ्लँड्रिया'मध्ये उलट, कडा पांढऱ्या. मला पहिली जास्त भावते. आमच्या ऑक्टोबरात 'फ्लँड्रिया'च्या पांढऱ्या कडा आधी भाजतात आणि तपकिरी झालर दिसायला लागते. मध्यावर पांढरं असलेल्या झाडाला ती झळ कमी लागते.

ही पिल्लं घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. सगळं हिरवं पिल्लू आलं तर ते पुढेही हिरवंच राहणार, पट्ट्यांच्या भावात ते घेऊ नका. सगळं पांढरं किंवा सगळं गुलाबी पिल्लू दिसायला जीव घेणारं असतं, पण आईपासून तोडलं की मरतं, कारण त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. मी असं एक पिल्लू तोडून दीड महिना काचेच्या बरणीखाली सांभाळलं होतं. ते गेलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं. आता अशी पिल्लं आईजवळच राहू देते, ती तिच्या जिवावर जगतात तेवढे दिवस बघून घेते. घ्यायचं ते पिल्लू असं हवं की ज्याच्या प्रत्येक पानावर दोन्ही रंग आहेत आणि रेघा गोल फिरून सगळीकडे सारख्या वाटल्या गेल्यात. एका बाजूला हिरवं आणि एका बाजूला पांढरं असेल तर पुढे झाड कुठल्या बाजूला झुकेल सांगता येत नाही.

नर्सरीत उभं राहिल्यावर

बुंधा धरून हलकेच हलवा. झाड कुंडीत डुगडुगत असेल तर मुळं नाहीत, हे चालण्यासारखं आहे. पण गाभ्याचं पान ओढलं आणि सुटून हातात आलं, त्याला आंबूस वास आला, तर झाड कुजलेलं आहे. पानांच्या मागे, बुडाशी, तपकिरी-पांढरे टिकल्यांसारखे उंचवटे नखाने निघतात का बघा. ती खवले कीड. एक कुंडी घरी नेलीत की ती सगळ्या रांगेत जाते.

आखूड, रुंद, एकावर एक घट्ट बसलेली पानं म्हणजे झाड चांगल्या उजेडात वाढलंय. लांब, अरुंद, वाकलेली पानं म्हणजे त्याला अंधारात ठेवून खत पाजलंय. अशा झाडाची जुनी पानं कधीच सुधारत नाहीत. मुंबईकरांनी हिवाळ्यात राणीच्या बागेतलं पालिकेचं प्रदर्शन आणि पुणेकरांनी जानेवारीतलं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चुकवू नये. घेतलं नाही तरी चालेल, पूर्ण वाढलेलं झाड कसं दिसतं ते डोळ्यांत साठवून यावं.

घरी आणल्यावर रंग टिकवायचा तर

मिश्रण मी असं करते: नारळाच्या सोडणाचे अंगठ्याएवढे तुकडे दोन वाटे, कोळसा एक वाटा, विटांचे खडे एक वाटा आणि मूठभर पानखत. नुसतं कोकोपीट नको, आपल्या पावसात ते चिखल होतं. शेणखत आणि युरिया द्रोणात कधीच नाही. नत्र जास्त झालं की लाल रंग जातो आणि पान लांबतं. बोअरवेलचं क्षार असलेलं पाणी पानांवर पांढरे डाग पाडतं, म्हणून मी पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवते आणि उन्हाळ्यात जपून वापरते.

द्रोणातलं पाणी दर चार-पाच दिवसांनी ओतून नवीन घाला. नळीने जोरात धार मारली की जुनं पाणी उसळून बाहेर पडतं. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. शेजाऱ्यांच्या घरात तान्हं मूल असेल तर ही जबाबदारी आपलीच. झाडं हौसेची आहेत, ताप दुसऱ्याच्या घरी जायला नको.

आणि तांबं. वाडीवाल्यांनी हे नीट वाचावं. पोफळीवर सुपारी गळवणारा कोळे रोग येऊ नये म्हणून पावसाआधी आपण एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो, शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. २०१४ साली आमच्या माणसाने वर सुपारीच्या घडांवर फवारलं आणि खाली ब्रोमेलियाडच्या द्रोणांत थेंब थेंब निळं पाणी जमलं. पंधरा दिवसांत वीस झाडांचे गाभे काळे पडले. मोरचुदातलं तांबं ब्रोमेलियाडला विष आहे. तेव्हापासून फवारणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळ्या कुंड्या पडवीत घेतो, ज्या हलवता येत नाहीत त्यांच्यावर प्लॅस्टिक टाकतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पोफळी धुऊन निघाल्याशिवाय त्या परत खाली ठेवत नाही. झाडं फांदीवर बांधतानाही तांब्याची तार वापरू नका. सुंभ किंवा जुन्या सुती साडीची पट्टी पुरते.

मागच्या महिन्यात वन्संच्या गॅलरीसाठी मी झाडं निवडून दिली. गॅलरी पूर्वेची, सकाळी नऊपर्यंत ऊन, मग नुसता उजेड. कठड्यावर टांगायला फायरबॉलची टोपली, तिच्या खाली 'ट्रायकलर', आतल्या कोपऱ्यात फॅसिआटा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन क्रिप्टॅन्थस. व्ह्रिसिया त्यांना हवी होती, पण मी दिली नाही, तिथे संध्याकाळी मागच्या इमारतीच्या काचांवरून तापलेलं ऊन परतून येतं. पुण्याच्या माझ्या भावाची गच्ची पश्चिमेची आणि एप्रिलमधली हवा कोरडी, म्हणून त्याला जाळी बांधायला लावली आणि दोन बिलबर्गिया आणि स्पेक्टाबिलिसची पिल्लं पाठवली. एसटीने झाडं पाठवायची असली की आदल्या दिवशी कुंडी उलटी करून द्रोणातलं सगळं पाणी काढून टाका, पानं वर गोळा करून वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळा आणि सुतळीने बांधा. पोचल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून मगच ऊन दाखवायचं.